सत्तेचाळीस नंबरची सायकल

"संध्याकाळपर्यंत हिचं वय आणि बनवणारा, दोन्ही सांगतो!" मी म्हणालो. चक्क मी! सगळी नोकरी वडगावच्या वाचनालयात कुजबुजत काढलेला माणूस. स्वतःचाच आवाज ऐकून दचकलो.

समोर आमच्या सुदुंबऱ्यातल्या शेजारीण सरूबाई उभ्या होत्या. त्यांच्या दिवंगत यजमानांच्या सायकलीची नुसती फ्रेम अंगणात पडली होती. चाकं नाहीत, कंपनीचं नाव नाही, पुढच्या नळीवर बिल्ल्याची दोन भोकं तेवढी! गाडी लावायला जागा हवी म्हणून मुलगा राजेंद्र ती भंगारात काढणार होता.

"जुनी, भारीतली निघाली तर ठेवतो, काका," तो म्हणाला. "न्हाईतर उद्या भंगारवाला येतोय."

"भाऊ, कायतरी बघा," सरूबाई हळूच म्हणाल्या. "हिच्यावरच बसवून ह्यांनी मला सासरी आणलंतं."

मी पुस्तकं काढली. पेडल जिथे जोडतात त्या नळीखाली नंबर असतो म्हणे. पण दिसेल तर! दर दसऱ्याला घराचं दार रंगवून उरलेला रंग सायकलीला फासायची त्या घरची रीत. हिरवा खरवडला, खाली निळा. निळा खरवडला, खाली चॉकलेटी! कांद्यालाही एवढे पापुद्रे नसतात.

"अहो, शेवटी सायकल उरेल ना?" आमच्या सौभाग्यवती ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

अखेर आकडा उमटला. 47!

"एकोणीसशे सत्तेचाळीस!... बहुतेक," मी म्हणालो. 'बहुतेक' कुणी ऐकलंच नाही! राजेंद्रने फोटो गावच्या ग्रुपवर टाकला: 'आमच्या घरी स्वातंत्र्याच्या वर्षाची विलायती सायकल!' विलायती मी कधी म्हणालो? पण तोवर अंगणात गर्दी, फ्रेमला हार, आणि मला 'दोन शब्द' बोलायला उभं केलेलं! मी घसा खाकरला. तेवढंच भाषण झालं.

इतक्यात तरुण मंडळाचा अध्यक्ष गोरख वाकला, नंबर पाहिला आणि ओरडला, "अरं, ह्यो तर आमचा ठसा! मंडळाच्या भांड्यांवर हाच हाय!"

मंडळाचं शेवटच्या नंबरचं पातेलं आणलं गेलं. 46. तोच तिरका चार!

"आसंलच की," सरूबाई शांतपणे म्हणाल्या. "लग्नाकार्याला दिलेली भांडी परत यावीत म्हून मंडळानं नंबर टाकायला ह्यांनाच बसवलंतं. भांडी संपली, पर हातोडी हातातच व्हती. सायकल चोरीला जाऊ नये म्हून तिच्यावर बी ठोकला."

"वहिनी, हे आधी का नाही सांगितलंत?" मी कळवळलो.

"तुमी वाचत व्हता. मधीच कसं बोलावं?"

धरणी दुभंगायला हीच वेळ योग्य होती. दुभंगली नाही! उलट गोरखला नवंच सुचलं. "नंबर मंडळाचा, म्हंजे वस्तू मंडळाची! उचला रं!"

"हात तर लावून बघ!" राजेंद्र फ्रेमवर आडवाच झाला. "माझ्या बापाची सायकल हाय!"

"भंगारात देत व्हतास न्हवं?"

"भंगारात देईन, न्हाईतर देव्हाऱ्यात ठेवीन! तुला न्हाई देणार!"

त्याने साखळी आणून फ्रेम ओसरीच्या खांबाला बांधली आणि कुलूप घातलं. गाडी आता रस्त्यावर उभी असते. सरूबाई रोज फ्रेम पुसतात आणि भेटेल त्याला सांगतात, "भाऊंनी लय अभ्यास केला, म्हून वाचली!"

बनवणारा कोण? ठाऊक नाही. वय? तेही नाही!

परवा दाराची कडी वाजली. बाहेर गोरख, काखेत मंडळाची समई. "काका, हिचं वय सांगता का?"

"काका घरी नाहीत," मी म्हणालो.

दार मीच उघडलं होतं.