पडद्याशी भांडणारी सरूमावशी

तेलगावातली आमची शेजारीण सरूमावशी पिच्चर नुसता बघत नाही, त्यात बोलते. खलनायक दारामागं लपला की ती नायकाला ओरडून सांगते, "आरं मागं बघ की, मुडद्या!" तिच्याकडं मालिका लागली की आम्ही आमचा टीव्ही बंद करतो. भिंतीपलीकडून सगळी गोष्ट कळते, आणि जास्त रंगून कळते. दुसऱ्यावर अन्याय झाला म्हणून इतकं जीव तोडून भांडणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

फक्त नवऱ्यापुढं, आबांपुढं, तिचा आवाज निघायचा नाही. मोठं बागायतदार घर, आबांचा शब्द शेवटचा. लेकीनं, सुमननं, ऊसतोड करणाऱ्या घरातल्या शिकलेल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा आबांनी तिचं नाव घ्यायचं बंद केलं. मावशी आतल्या खोलीत बसून राहिली.

यंदाच्या उन्हाळ्यात मी तिला गुडघे दाखवायला बीडला नेलं. काम लवकर उरकलं, म्हणून पिच्चरच्या दुपारच्या खेळाला बसलो. निजामाच्या काळातली गोष्ट होती. जमीनदाराची लेक आणि सालगड्याचा पोरगा.

मावशी लगेच सुरू झाली. "पोरी, छकड्यात नगं बसू, चाकं लई वाजतेत!" पुढच्या रांगेतली माणसं आधी चिडली. मग तीच वळून विचारायला लागली, "मावशी, आता बापाला कळतंय का?"

बापाला कळलं. त्यानं लेकीला घराबाहेर काढलं. आता शिव्या ऐकायच्या म्हणून मी सावरून बसलो. पण मावशी बापाला काहीच बोलली नाही. पडद्यावर आई खांबाला धरून उभी होती. तिला मावशी हळूच म्हणाली, "तू काहून गप हायस गं, बाई?"

मध्यंतराला ती उठली. "चल. नांदूरघाटला, सुमनकडं."

"मावशी, आबांना काय सांगायचं?"

तिनं माझाच फोन मागून घेतला. "ओ, मी सुमनकडं चाललेय. तुमी जेवून घ्या." पलीकडचं उत्तर ऐकायला ती थांबली नाही. फोन माझ्या हातात देऊन ती दाराकडं निघाली.

साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यामुळं सुमनची सासू ऊसतोडीवरून घरी आली होती. मावशीला दारात बघून ती गांगरली. बागायतदारीण आपल्या घरचं पाणी घेईल का, या विचारानं तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. सुमन आतून दारापाशी आली.

मावशीनं तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्याली, आणि दुखरे गुडघे कसेबसे मोडून चुलीपुढं बसली.

"इहीनबाई, लई राबून आलात. तुमी बसा, भाकरी मी थापते." मग लेकीकडं न बघताच म्हणाली, "सुमे, पीठ कुठं ठेवतीस गं?"