शेषरावकाकांच्या स्पीकरची सोयरीक

शेषरावकाका घरी आलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणत नाहीत. ते आधी भिंतीवरच्या व्होल्टेज मीटरकडे बघतात आणि मग म्हणतात, “दोनशे दहा हाय. बसा.” काटा एकशे नव्वदच्या खाली असला, तर तुम्ही त्यांचे व्याही असलात तरी अंगणातच उभे. कारण बैठकीच्या खोलीत त्यांची जोडी असते, आणि व्होल्टेज वरखाली होत असताना त्या खोलीत कुणी मोठ्यानं शिंकलेलंसुद्धा काकांना खपत नाही.

जोडी म्हणजे बैलांची नव्हे. छातीइतके उंच, शिसवी रंगाचे दोन विलायती स्पीकर. परदेशी निघालेल्या पुण्याच्या एका गृहस्थाकडून काकांनी ते घेतले आणि गाद्यांत गुंडाळून रिठदला आणले. येताना टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी ठेवून स्वतः मागे, दोघांच्या मध्ये, दोन्हीकडे हात टेकून बसले होते. गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, कुणाला तरी दवाखान्यातून परत आणलंय.

तसे काका भित्रे नाहीत. विहिरीत उतरून त्यांनी साप काढलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. पण जोडी घरात आली आणि तिच्याबरोबर भीतीही मुक्कामाला आली. उंदीर वायर कुरतडेल. मळणीचा धुराळा आत जाईल. शेतातले पंप एकदम बंद होतील आणि व्होल्टेज उसळेल. आभाळ भरून आलं की सगळं गाव वाळत घातलेलं सोयाबीन झाकायला धावतं, काका प्लग काढायला धावतात.

सगळ्यात मोठी भीती मात्र अ‍ॅम्प्लिफायरची. “स्पीकर वजनदार हाय, सर. ओढणारा बी दमाचा पाह्यजे. कमजोर अ‍ॅम्प्लिफायर जोरानं वाजवला का त्याचा आवाज फाटते, आन् वरचा बारका स्पीकर जयून जाते! सोयरीक जमली पाह्यजे, सोयरीक.”

ही सोयरीक जमवायला त्यांना अकोल्याचा एक कारागीर भेटला. तो जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि अदलाबदलीनं देतो. दोन वर्षांत चार येऊन गेले. प्रत्येकाला काकांनी स्थळासारखं नाकारलं. एक “दिसाले चांगला, पण अंगात काही नाही.” दुसरा “ताकदीचा, पण बोलणं खरखरीत.” तिसऱ्यात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दिवे होते. तो तापला की खोली चुलीपुढं बसल्यासारखी व्हायची. चौथ्याबद्दल काका नुसते “जाऊ द्या” म्हणाले, त्यामुळे त्यात फार मोठी खोट असावी.

आता माझा गुन्हा सांगतो. मी इथल्या शाळेत शिक्षक आहे आणि काकांच्या समोरच राहतो. नवा अ‍ॅम्प्लिफायर आला की त्या रविवारी दुपारी मला बोलावणं येतं. फरशीवर रंगानं चार खुणा केल्यात, त्यांच्यावर खुर्चीचे पाय बरोबर ठेवायचे. मी बसलो की बासरीची एकच धून दोन अ‍ॅम्प्लिफायरवर आळीपाळीनं वाजते. मग काका माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारतात, “सांगा सर, कोणता बरा?”

मला घाम फुटतो. वर्गात पोरांना उभं करून प्रश्न विचारताना त्यांचं काय होत असेल, ते मला या खुर्चीत कळलं. खरं सांगायचं तर मला आजवर कधी तिळाएवढाही फरक ऐकू आलेला नाही. पण काकांच्या डोळ्यांत असं काही असायचं की ‘दोन्ही सारखेच’ म्हणायची छाती व्हायची नाही. मग मी ठोकून द्यायचो, “हा जरा उघडा वाटतो,” “ह्याचं पोट भरलेलं आहे.” काका मान डोलवायचे, आणि बिचारा दुसरा सोमवारच्या एसटीनं अकोल्याला रवाना व्हायचा.

परवाच्या रविवारी पाचवा आला. पुन्हा दिव्यांचाच. कमलकाकू तुरीच्या सोंगणीला वावरात गेल्या होत्या. घरात काका, मी आणि खाटेखाली झोपलेला मोत्या. काकांनी बटण दाबलं, दिवे लाल झाले आणि बासरीच्या आधी एक शिट्टी सुरू झाली. इतकी बारीक आणि इतकी जोरात की माझे दात शिवशिवले. मोत्या केकाटत अंगणात पळाला. मी दोन्ही कानांवर हात दाबले. आता तो बारका स्पीकर जळणार, या भीतीनं मी काकांकडे पाहिलं.

शिट्टीमागून बासरीही सुरू झाली होती आणि काका डोळे मिटून ऐकत बसले होते. चेहऱ्यावर समाधान. “एकदम साफ,” ते म्हणाले. “हाच.”

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती स्पीकरची नव्हती.

त्यांनी डोळे उघडले. माझे कानांवरचे हात पाहिले. मोत्या पळाला ते उघडं दार पाहिलं. उठून बटण बंद केलं आणि हळूच विचारलं, “काही वाजून राह्यलं होतं का?”

“शिट्टी. फार मोठी.”

“मले नाही आली.” ते खाली फरशीवरच बसले. “वाशीमच्या डाक्टरनं दोन वर्सांपयलेच सांगतलं होतं. बारीक आवाज पयले जातेत म्हणे. मले वाटे, बराबर अ‍ॅम्प्लिफायर भेटला का येतीन वापस. म्हून तुमच्या कानावर चालून राह्यलो होतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “काका, मला कधीच काही कळलं नाही. मी मनाचं सांगत होतो.”

“अंदाज होता,” ते म्हणाले. “पण तुमी उघडा म्हटलं का मले बी तो उघडा वाटे, बापा.”

“मग कानाला यंत्र लावा ना.”

“यंत्र लावलं का तिले समजीन. तुमच्या काकूचा आवाज बारीक. चाळीस वर्सांत मोठ्यानं बोलली नाही ती. आता माह्यासाठी तिले वरडाले लावू का? तिचा आवाज बी माह्या कानातून जाईन सर, याचंच भेव लागते. बाकी गेलं तं गेलं.”

मागच्या दाराची कडी वाजली. काकू आल्या होत्या. काकांनी मला नजरेनंच ‘गप्प’ म्हटलं आणि फडकं घेऊन जोडी पुसायला लागले.

थोड्या वेळानं काकू चहा घेऊन आल्या. मला कप दिला. मग खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशा बेतानं काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्याला बोट लावलं, त्यांनी वर बघेपर्यंत थांबल्या आणि मग सावकाश बोलल्या.

“हो,” काका म्हणाले, “राह्यलेली तूर उद्या सोंगू.”

काकू मान हलवून आत गेल्या. मी त्या दोघांपासून दोन हातांवर बसलो होतो आणि माझे कान चांगले आहेत. काकूंचे फक्त ओठ हलले होते.