भाव सख्खा, सुई येगली

हिराजीदादा पाट्यांशी भांडतात. पनवेल स्टेशनापासून आमच्या सेंटरपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, त्यांना पाऊण तास लागतो. 'येथे थुंकू नये' दिसलं की हे कमरेवर हात ठेवून उभे. "कोनाला सांगतस?" असं थेट पाटीलाच विचारतात. मग "बग, तुला बी म्हाईत नाय," म्हणून पुढे चालू लागतात.

एकेकाळी ते पाट्याच रंगवायचे. उरणच्या बाजारातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरात होती. पुढे सुईचा नाद लागला आणि ब्रश सुटला. आता नशेऐवजीची गोळी घ्यायला रोज सकाळी आमच्याकडे येतात. आमचं सेंटर सुईने नशा करणाऱ्यांना नव्या सुया देतं, जुन्या परत घेतं. नशा सुटेल तेव्हा सुटेल, निदान एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये. मी तिथली समुपदेशक. दादा मला 'बाय' म्हणतात, आणि माझं मराठी त्यांना पाटीइतकंच खटकतं.

मध्यंतरी नवं पत्रक काढायचं ठरलं. सेंटरवर येणाऱ्यांना सोबत घेऊनच बनवा, असं वरून फर्मान होतं. मी अतिशहाणी. आधी एकटीने लिहून काढलं आणि माना डोलावून घेण्यापुरतं पाच जणांना बसवलं. पहिलं वाक्य ऐटीत वाचलं, "इंजेक्शनचे साहित्य सामायिक करू नये."

कुवेतला राहून आलेले करीमभाई अदबीने म्हणाले, "मॅडम, साहित्य म्हंजे किताबा ना?"

पनवेलजवळच्या कोन गावचा एक जण म्हणाला, "सामायिक आमच्या सातबाऱ्यावर व्हतं. आता जमीनच गेली, करनार काय?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान लाल झाले होते. हिराजीदादा तेवढे हसले नाहीत.

"कोनाला सांगतस, बाय?"

"तुम्हालाच की."

"आमी सामायिक नाय करत. आमी भावाला देतो, दोस्ताला देतो. त्याला कोन सामायिक बोलतं?"

माझं पत्रक तिथेच निकालात निघालं.

पुढचे तीन आठवडे दादांनी आम्हाला पिळून काढलं. अक्षर बिनचष्म्याचं दिसलं पाहिजे. घडी खिशात मावली पाहिजे. वर सुईचं चित्र नको, घरी आईच्या हाती लागलं तर? मग त्यांनी स्वतःच वर एका पेल्यात दोन टूथब्रश, असं चित्र काढलं. आत मोठ्या अक्षरांत ओळ लिहिली, 'भाव सख्खा, सुई येगली.' नशा कालवायचं पाणी आणि गाळायचा कापूस यांतूनही रोग लागतो, म्हणून करीमभाईंनी खाली जोडलं, 'पानी येगलं, कापूस येगला.' मी 'येगली'चं 'वेगळी' करायला गेले आणि पाचही जणांकडून बोलणी खाल्ली.

मंजुरीच्या बैठकीला मी दादांना घेऊन गेले. साहेबांनी पत्रक उलटसुलट पाहिलं. "हे दातांच्या दवाखान्याचं आहे का?"

हे नाकारलं असतं, तर माझं 'साहित्य' छापायला तयारच होतं. दादा उठले.

"साहेब, तुमी भावाचा ब्रश तोंडात घालता काय?"

"छे, काहीतरीच."

"मंग? सुई तर रगतात जाते."

साहेबांनी सही केली, एक काना-मात्रा न बदलता. मी रिक्षात बसेपर्यंत हसत होते.

पत्रकं बघता बघता संपली. उरणहून मागणी आली. आणि एका सकाळी कोन गावचा तो गडी खिडकीशी येऊन म्हणाला, "माजी दे, आनि भावाची येगली दे." एवढ्या वर्षांत दुसऱ्यासाठी सुई मागायला कोणी आलं नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्यांना वडापाव दिला.

मग तीच ओळ सेंटरच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं. दादांनी कित्येक वर्षांनी रंगाचा ब्रश हातात घेतला. रंगवून झाल्यावर ते मागे सरकून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मला चेष्टा सुचली. "कोनाला सांगताय, दादा?"

"धाकट्या भावाला," ते म्हणाले. "माज्याच सुईनं गेला. त्याला आसं कोनी सांगितलंच नाय, बाय. मला पन नाय."

मला रडू आलं. त्यांनी ब्रश पुसला, डब्याचं झाकण लावलं.

"तलाठी बोलतो, सातबाऱ्यावरनं त्याचं नाव कमी कर. मी नाय करत. तेवडं सामायिक ऱ्हाऊ दे."