सुरी दाखवा

आमच्या अमरावतीच्या कॉलनीत शेजारी घरी आला की पाणी मागतो. वानखडेकाका सुरी मागतात.

"चहा नको जी, सुरी दाखवा." चपला दारात, काका थेट स्वयंपाकघरात. पातं उजेडाकडे धरणार, अंगठ्याने चाचपणार आणि निकाल देणार, "जंग चढून राहिला! काहून हाल करता इचे?" मग खिशातून पॉलिशपेपर निघतो. घासणं, कोरड्या फडक्याने पुसणं, वरून खोबरेल तेलाचं बोट. त्या दिवशीची कोशिंबीर डोक्याला लावावी अशी लागते. "लिंबू कापलं का धुवा, धुतली का लगेच पुसा," हे त्यांनी माझ्या बायकोला इतक्यांदा ऐकवलंय, की ती त्यांना पाहताच सुरी पिठाच्या डब्यात लपवते.

बरं, यांचं स्वतःचं फाटक बघा! गंजून इतकी भोकं पडलीत, की मांजर ते उघडायची वाट पाहत नाही. पुतण्यासाठी बाळापूरला मुलगी पाहायला गेले आणि तिला विचारलं काय, तर "सुरी भिजत तं नाही ठेवत ना?" मुलीने नकार कळवला. काका म्हणाले, "घरात जंग असंन."

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचं डोहाळजेवण होतं. घरात बायकांची ही गर्दी, आणि हे सकाळीच आमच्या पाचही सुऱ्या घेऊन ओट्यापाशी. मी खेकसलोच, "काका, आज तरी पिच्छा सोडा!" त्यांनी पाचवी सुरी पुसली आणि निघून गेले.

थोड्या वेळाने काकूंना घेऊन आले. कॉलनीतल्या प्रत्येक कार्याला बसतात तशा काकू अंगणात बायकांत वांगी चिरायला बसल्या. सुरी समोरच होती, तरी त्यांचा हात परातीभोवती चाचपडत राहिला. काकांनी वाकून सुरीची मूठ त्यांच्या तळव्याखाली सरकवली.

मी काकांना बाजूला नेलं.

"दिसत नाही तिले," ते हळू आवाजात म्हणाले. "डॉक्टरनं हात टेकले. जंगलेली सुरी अडकते, न् अडकली का बोटावर येते. लोकाईले सांगू नका जी. तिले भेव वाटते, समजलं तं भाजी चिराले कोनी बलावनार नाही."

मी आत गेलो. बायको धुतलेल्या भेंडीची टोपली घेऊन उभी होती.

"हे कोनाले देऊ?"

"काकूले," मी म्हणालो. "सारी."