राणीची पालखी

रविवारी दुपारी जेवून गुपचूप आडवं व्हावं, हा माझा साधा नियम. तो मोडून मी खेळ मांडायचं ठरवलं आणि तेव्हापासून मी स्वतःच्या हातची खिचडी खातोय.

मुळात दोष कूलरचा. जाफराबादच्या आमच्या भाड्याच्या घराला कूलर बसेल अशी एकच खिडकी आहे आणि ती बाहेरच्या खोलीत, जिथं माझी माय झुंबरबाई झोपते. वाऱ्यानं तिचे गुडघे धरतात. त्यामुळं भर वैशाखात आमच्याकडं कूलर आहे, पण तो बंद आहे आणि त्याच्यावर मायचं लुगडं वाळतंय. मी पडलो कारकून. दिवसभर साहेबाच्या केबिनमधला कूलर दाराआडून ऐकायचा आणि घरी येऊन स्वतःचा नुसता बघायचा.

आता तुम्ही म्हणाल, आईपेक्षा कूलर मोठा का? (म्हणा. सगळा तालुका म्हणतोय.) पण आमच्यात ठरलेलं होतं. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांत शेत वाटलं, बैल वाटले आणि माय वाटली. दसरा ते पाडवा माझ्याकडं, पाडवा ते दसरा मंठ्याला, थोरल्या काकासाहेबाकडं. म्हणजे उन्हाळा त्याच्या वाट्याचा. ज्याची पाळी, त्यानं स्वतः येऊन मायला न्यायचं, अशी रीत. न बोलावता जाणं तिला कमीपणाचं वाटतं आणि मी नेऊन सोडलं तर लोक म्हणणार, पुंजारामानं आईला हाकललं.

यंदा पाडवा झाला, मायनं पिशवी भरून दाराशी ठेवली, पण काकासाहेब आलाच नाही. फोन करावा तर कधी त्याची जीप बिघडलेली, कधी दुकानात खत उतरत असलेलं. पिशवी दाराशीच राहिली. मी येता-जाता तिला अडखळायचो.

अशात माझा मेहुणा देवानंद पुण्याहून आला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर एक खेळ खेळतो. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि आपल्या माणसानं काय करायचं ते ज्याचं तो ठरवतो. नशिबाचा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा.

"पण दाजी, खरी मजा फाशात नाही, पेचात आहे," तो म्हणाला. "पेच असा टाकायचा, की दोन्हीकडून जीव तुटला पाहिजे. आणि उत्तर आपण आधी ठरवून बसायचं नाही."

पहिली दोन वाक्यं मी नीट ऐकली. तिसऱ्याच्या वेळी माझं लक्ष कूलरकडं होतं.

मला वाटलं, सापडला रस्ता! मायला गोष्टीत घालायचं आणि जे मला बोलवत नाही, ते तिच्याच तोंडून वदवायचं. मी ताबडतोब सूत्रधार झालो.

"माय, तू राणी. द्वारका, तू राणीची दासी."

"दासी?" माझी बायको म्हणाली. "ते तर रोजचंच हाय. मला सेनापती करा, न्हाईतर मी चालले भांडे घासायला."

सेनापती केलं. देवानंदला घोडा केलं. (त्याचा पगार ऐकल्यापासून त्याला काहीतरी करायची माझी इच्छा होतीच.)

"तर," मी घसा साफ केला, "राणीला दोन पोरं. दोघांचे दोन गड. राणी धाकट्याच्या गडावर आहे. धाकटा गुणी, पण गड लहान. उन्हाची काहिली. पाणी नाही, वारा नाही. सैनिक मच्छरांनी हैराण. थोरल्याच्या गडावर मात्र विहीर तुडुंब, आमराई, गार सावली. पण थोरला पालखी धाडायला विसरला. आता पेच असा, की राणीनं मान धरून इथंच उकडत बसावं, का मान बाजूला ठेवून आपणहून थोरल्याकडं जावं?"

मला माझंच कौतुक वाटलं. देवानंदनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. घोडा असल्यामुळं तो बोलला नाही.

मायनं मात्र खेळ फारच मनावर घेतला. ती भिंतीला टेकून नीट बसली, पदर सारखा केला.

"राजा कव्हा वारला?" तिनं विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"अन् राजा-राणी मिळून ऱ्हात व्हते, तो गड कुठंय?"

हे माझ्या गोष्टीत नव्हतं. "तो... आहे. पडीक आहे. त्याच्यात कडबा भरलाय."

बोलून गेलो आणि जीभ चावली. केदारखेड्याचं आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. कडबा मीच भरलाय.

"कडबा काढता येतो," माय म्हणाली. "पुंजा, तुझी राणी काय येडी न्हाई. थोरल्यानं पालखी धाडली न्हाई अन् धाकटा पालखीची वाट बघून राह्यला. दोघं एकाच आईचे हायेत, येवढंच राणीला कळलं. ती दोघांकडंबी जात न्हाई. ती आपल्या घरी चालली."

मला चटका बसला, खोटं कशाला सांगू? पण मी सूत्रधार होतो आणि सूत्रधारानं हार मानायची नसते. मी फासा पुढं केला.

"असं कसं जमेल? वाटेत जंगल आहे, चोर आहेत. पंधराच्या वर पडलं तरच राणी पोचेल. टाक."

मायनं तो फासा बोरासारखा बोटांत फिरवून बघितला आणि कनवटीला लावला.

"आपल्या घरी जायाला फासा कशाला लागतो रे?"

"बराबर," देवानंद म्हणाला. घोडा बोलायला लागला होता. "दाजी, इथं फासा लागत नाही."

"अन् सेनापती राणीसंगं जातो," द्वारका म्हणाली. "येवढा कडबा काय राणी एकटी काढन?"

मी हसलो. मला वाटलं, खेळ संपला.

सोमवारी सकाळी दाराशी दोन पिशव्या होत्या. मी अंघोळ करून येईपर्यंत राणी, सेनापती आणि घोडा, तिघंही यष्टी स्टँडवर पोचले होते. घोडा पुढं पुण्याला गेला. वाटेतून फोन करून म्हणाला, "मानलं दाजी! सूत्रधाराला जे सुचलंच नव्हतं ते खेळणाऱ्यानं केलं, की पेच खरा उतरला म्हणायचं. आमच्या ग्रुपमध्ये हे अजून कुणाला जमलं नाही."

मी कूलर लावला. तो लागला नाही. उंदरांनी वायर खाल्ली होती.

दुपारी मंठ्याहून फोन. "पुंजा, मायला हाकललं म्हणे तू?" काकासाहेब गरजला. "लाज वाटत न्हाई? मी जीप घेऊन निघालोच व्हतो की!" त्यानंतर त्यानं जी मान वर केली, ती अजून खाली आलेली नाही. आणि द्वारका आठ दिवसांत येते असं फोनवर म्हणाली होती, तिचाही पत्ता नाही.

शेवटी मी केदारखेड्याला गेलो. घरातला कडबा निघालेला, जमीन सारवलेली. ओट्यावर माय, द्वारका आणि शेजारच्या सोनूबाई गोल करून बसलेल्या आणि मधे तो फासा. सूत्रधार माय होती.

"बरा आला," ती म्हणाली. "एक माणूस कमीच पडून राह्यलं व्हतं. बस. तू राणीचा धाकटा ल्योक."

मी चप्पल काढून बसलो.

"तर धाकटा राणीच्या दारात आला," माय सांगू लागली. "राणी त्याला इचारती, बाबा, तू मला न्यायला आला, का भाकरी थापायला सेनापतीला न्यायला आला?"

सोनूबाईनं तोंडाला पदर लावला. द्वारका माझ्याकडं टक लावून बघत होती. माय मात्र बघत नव्हती, ती सारवलेल्या जमिनीवर बोट फिरवत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"माय," मी म्हणालो, "फासा टाकू का?"

मायनं फासा माझ्याकडं सरकवला.

"टाक," ती म्हणाली. "पंधराच्या वर पडलं, तर मला न्यायला आला म्हणू."

मी टाकला. एक पडला.

(देवानंद फोनवर म्हणाला, असं फार क्वचित होतं.)