मगरीने दिलेला फाऊल

चहाच्या डब्याला टेकून एक लाल नाडी.

हिरव्या सॅटिनची मगर; एक डोळा शर्टाच्या बटणाचा.

नेपाळच्या मुली नाश्त्याला सेव-उसळ खाऊन नाकडोळे पुसतायत.

"बाबा, आज तोंडातून चकार शब्द नाही."

हे शेवटचं वाक्य अवनीचं. आंतरराष्ट्रीय खो-खो सामन्यात ती आज पहिल्यांदाच पंच होती. नीट जमलं तरच पुढच्या स्पर्धेला बोलावणं. तिचे बाबा, आनंदराव, जुने खेळाडू. प्रेक्षकांत बसले की पंचाच्या आधी फाऊल ओरडायचे. म्हणून तिनेच त्यांना मैदानालगतच्या पडद्यामागे लहान मुलांसाठी बाहुल्यांच्या खेळाला जुंपलं होतं. स्पर्धेचं बोधचिन्ह विश्वामित्री नदीतली मगर. ती त्यांच्या उजव्या हातात, माकड डाव्या हातात, आणि मगरीच्या आवाजासाठी जिभेवर पत्र्याची बारीक शिट्टी.

पडद्याला फट होती, हा घात.

मगर माकडामागे धावली आणि आनंदरावांनी फटीला डोळा लावला. पाठलाग करणाऱ्या केनियाच्या मुलीचा पाय मधली रेषा ओलांडून पडला. त्यांच्या तोंडून "हाय" निघालं, पण बाहेर आली शिट्टी. कडक.

मैदान थांबलं. पलीकडे अवनी मूठ तोंडाशी धरून उभी, चेहरा पांढराफटक. मग तिने हात वर केला. फाऊल.

आनंदराव फटीपासून मागे सरकले.

संयोजक केयूरभाई पडद्याआड डोकावले. "आनंदभाई, ही व्हिसल तुमची?"

"मगरीची."

"मगरने कहो, मोढुं बंध राखे."

मगरीने तोंड बंद ठेवलं. पुढ्यातली एक चिमुरडी उठली. "काका, मगर केम बोलती नथी?"

"दात दुखतोय तिचा."

"तो पछी माकडाला खाणार कशी?"

उत्तर शोधायला त्यांनी मान वळवली, ती नेमकी फटीकडे. नेपाळच्या मुलीने हात लावायच्या आधीच खो दिला. शिट्टी. अवनीचा हात वर.

आनंदराव मनात म्हणाले, पोरीचं नाव आपण बुडवतोय. शिट्टी काढावी तर दोन्ही हात बाहुल्यांत. शेवटी त्यांनी मगरीचाच जबडा स्वतःच्या तोंडात घातला. मुलं किंचाळली. मगर काकांना खात होती. आणि ऐन त्या वेळी, अखेरच्या मिनिटाला, केनियाच्या मुलीने पाठलाग करता करता दिशा बदलली. शिट्टी मगरीच्या दातांतून सगळ्यांत मोठी वाजली.

केनियाच्या प्रशिक्षकाने हरकत घेतली. मुख्य पंचांनी चित्रफीत मागवली. आनंदराव जबडा तोंडात तसाच धरून थिजले.

"तिन्ही निर्णय अचूक," मुख्य पंच म्हणाले. "इतकी तयार नजर मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती."

सामना संपल्यावर अवनी पडद्यामागे आली. आनंदरावांनी मगर पाठीमागे लपवली.

"अवनी, माझं चुकलं गं. मी मुद्दाम नाही..."

"बाबा," तिने हळूच विचारलं, "उद्या मगरीचा खेळ किती वाजता?"

"उद्या? मी तर केयूरभाईंना नाही म्हणून सांगणार होतो."

"माझी मॅच दहाला आहे. फट जरा मोठी करून ठेवा."



अवनीची शिट्टी, लाल नाडीसकट, सकाळपासून सुभानपुऱ्याच्या घरी चहाच्या डब्यापाशी होती.