डब्यातले पाहुणे

धोंडीरावांच्या जेवणाच्या डब्यातून सकाळी भाकरी कंपनीत जाई आणि दुपारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, त्याच डब्यातून मासे प्रवास करीत. जिवंत मासे, बोटाच्या पेराएवढे, उन्हात अभ्रकासारखे लकाकणारे.

चिंचवडच्या चाळीत त्यांची खोली आमच्या भिंतीला लागून होती. साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला हा एकटा गृहस्थ. अंगाला बारमाही यंत्राच्या तेलाचा वास, उन्हाळ्यात त्यावर शेवाळाचा.

उन्हाळा लागला, की कारखान्यांना पाणी पुरावे म्हणून बंधाऱ्यात लाकडी फळ्यांचे बरगे टाकून पवना नदी अडवीत. वरच्या अंगाला पाणी काठोकाठ तुंबे. खाली मात्र गोट्यांवरची खळखळ विझून जाई आणि आटत जाणारी डबकी तेवढी उरत. त्यांत अडकलेले मासे धोंडीराव पंचाने गोळा करीत आणि बंधारा चढून वरच्या खोल पाण्यात सोडून येत.

"काय राव, आज कालवण का?" चाळीतले पुरुष डिवचीत.

"पाहुणे हायेत. पाहुण्यांचं कालवण करत्यात व्हय?"

एकदा उशीर झाला म्हणून एका पाहुण्याला त्यांनी आमच्या पिण्याच्या कळशीत मुक्कामाला ठेवले. मला ते चहा पिऊन झाल्यावर कळले. "घाबरू नका बाई," ते म्हणाले, "आंगुळ करूनच आला व्हता त्यो."

त्यांचा एकच अभिमान होता. "डब्याचं झाकण वाजलं, की समदे काठाला येत्यात. वळखत्यात मला! केवढाले झाल्यात, बघाच तुमी."

एका रविवारी मी बघायला गेले. हिरवे, जड, निःशब्द पाणी. धोंडीरावांनी झाकण दोनदा वाजवले आणि खरोखरच तळातून काळसर पाठी वर आल्या. हातभर लांबीच्या, संथ. त्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिले आणि डबा पालथा केला. अभ्रकाचा चुरा पाण्यावर क्षणभर लकाकला. पाणी ढवळले, दोन-चार रुंद जबडे उघडले, मिटले. पुन्हा सारे हिरवे, निःशब्द.

त्यांनी वाकून काठाच्या पाण्यात हात घातला आणि तळ चाचपला.

"ह्या बारक्यास्नी दडायला गोटंच न्हाईत हितं," ते म्हणाले. "म्या नुसतं पाणीच बघितलं, बाई."

त्यांनी रिकाम्या डब्याचे झाकण घट्ट लावले. मग म्हणाले, "तुमी चाळीत यायच्या आदी आईलाबी असंच आणलं व्हतं. म्हटलं, घरात नळ हाय, वढ्यावर जायला नगं. आनंदात ऱ्हाईल. ती नळापाशी पाटावर बसून ऱ्हायची. बोलायला कुणी न्हाई. पुढला उन्हाळा न्हाई बघितला तिनं."

भिंतीला भिंत असूनही हे मला ठाऊक नव्हते. त्यांच्या नळाखाली पालथा घातलेला पाट मी रोज पाहत असे, एवढेच.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून मी परत येत होते, तेव्हा ते मला बंधाऱ्यावर दिसले. डबा वरच्या पाण्यात बुडवून भरायचा, खाली उतरायचे आणि मासे अडकलेल्या डबक्यात रिता करायचा, पुन्हा वर. कुणीतरी काठावरून ओरडले, "धोंडीराव, नदी भरताय का काय?" ते डबा घेऊन पुन्हा वर चढले. ओतलेले पाणी डबक्याच्या काठावरून ओघळे, गोटे तेवढ्यापुरते काळेभोर होत, आणि ते पुढचा डबा घेऊन येईपर्यंत पुन्हा पांढरे पडत.